पेशंट आणला, कागद द्या

रंजीता नाटक पाहाले गेल्ती म्हणून बुढा पडला, असं आमच्या चिचटोल्यात ज्यानं त्यानं मलेच येऊन सांगतलं. मलेच काऊन, तर मी डोमा, वडशाच्या एका नाटक कंपनीचा मॅटाडोर चालवतो. दिवाळी झाली की होळीपर्यंत पडदे, पेट्या, नट-नट्या, सगळा पसारा माह्या गाडीत. म्हणजे आमच्या या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, कोण कोणतं नाटक पाहून राह्यलं, याची हजेरी जशी मीच घेतो. हजारानं माणूस राह्यते मंडपात. त्यात चिचटोल्याची एक बाई होती का नव्हती, हे विचारणाऱ्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटे. पण विचारणारे सगळे शेजारचे, वयानं मोठे. मी म्हणो, नाई बा, नाई पाह्यली. तर म्हणत, मंग तुले दिसली नसंन.

तर या रंजीताची गोष्ट सांगतो. माहं डोकं गरम आहे हे आधीच सांगून ठेवतो, अन् ते थंड होईन अशी जागा या गोष्टीत कुठी येत नाई.

रंजीता मिथुनची बायको. मिथुन राइस मिलमंधी कामाले, अन् त्याचं घर माह्या घराच्या भिंतीले लागून. तिचं माहेर आलापल्लीचं. बाप सागवानाच्या डेपोवर चौकीदार. बारावी करून पुढं शिकाचं होतं तिले, तेवढ्यात हे स्थळ आलं. लगन होऊन आली तवा मोहल्ल्यातल्या बायाइनं तिले मुद्दाम रोवण्याले नेलं. जंगलाकडची पोरगी धानाच्या चिखलात उभी राहीन का नाई, याची गंमत पाहाची होती त्याइले. उभी तर राह्यलीच, वरून दुपारी कंबरा मोडल्यावर सगळ्या बाया गप झाल्या तवा गाणं तिनंच उचललं. तवापासून तिच्याशिवाय आमच्या मोहल्ल्यातला रोवणा सुरू होत नसे. मंग तिनं शिलाई मशीन आणली, बायाइचे ब्लाऊज शिवाले लागली. जयंतीच्या मिरवणुकीत पोरीइचं लेझीम तीच बसवे. बोलणं कमी, पण एकदा बोलली की समोरच्याले उत्तर सापडत नसे.

सासरा वामनराव. त्याले वडशाच्या बाजारात लोक चेहऱ्यावरून नाई, आवाजावरून ओळखत. जन्मभर त्यानं नाटकाची जाहिरात केली, रिक्षावर भोंगा बांधून. "आज रात्री, फक्त आज रात्री" असं तो म्हणे तवा म्हाताऱ्या बाया चुलीवरचा भात उतरवून मंडपात टाकाले सतरंजी शोधत. रंजीता त्याले मामाजी म्हणे अन् तो तिले मास्तरीण म्हणे, कारण डोळे अधू झाल्यावर पेपर तीच त्याले वाचून दाखवे. सासू रुखमाबाई नवऱ्याच्या आवाजाले कंटाळलेली, म्हणे हा माणूस घरातबी भोंग्यातूनच बोलते. अन् नात दिव्यानी, सातवीत शिकणारी. असं घर होतं. भांडणं होत, मिटत, वाईट काई नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात, ऐन मंडईच्या दिवसात, म्हणजे गावोगावी दिवसा जत्रा अन् रात्री नाटक राह्यते तवा, वामनरावले लकवा मारला. उजवं अंग गेलं अन् वाचा गेली. ज्याच्या आवाजावर गावंच्या गावं जागत त्याच्या तोंडून फक्त "आ, आ" निघाले लागलं. वडशातल्या एका नर्सिंग होममंधी भरती केलं. त्याचं नाव घेत नाई, घेतलं की माह्या तोंडून शिवी निघते.

आमच्याकडं नर्सिंग होम म्हणजे नर्स नावापुरती. पेशंटचं सगळं घरच्याइनंच कराचं. अंग पुसाचं, पॉट लावाचं, सलाइन संपत आलं की धावत जाऊन सिस्टरले उठवाचं, अन् हातात चिठ्ठी पडली की मेडिकलमधून औषध आणाचं. रंजीतानं हे सगळं एकटीनं केलं. पलंगाखाली चटई टाकून झोपे. एक दिवस मी थांबतो म्हणून मिथुननं कबूल केलं होतं, अन् नेमका त्याच दिवशी तो मंडईले निघून गेला. तिनंच फोनवर सांगतलं म्हणे, जा तुमी, मी आहे इथी. हे मुद्दाम सांगून राह्यलो. पोटचा पोरगा मंडईले गेला त्याचं कोणाले काईच वाटलं नाई.

त्या संध्याकाळी सिस्टरनं रंजीताले इंजेक्शनची चिठ्ठी देल्ली. खालच्या मेडिकलमंधी ते नव्हतं. तो म्हणे, रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या दुकानात भेटंन. ती गेली तर फाटक बंद, मालगाडी आडवी. जीव मुठीत धरून थांबली, इंजेक्शन घेतलं, धावत परत आली, अन् पाहते तर बुढा खाली फरशीवर. पलंगाचा कठडा खाली केलेला. जाताना तिनं तो वर लावला होता. वार्डात ना सिस्टर, ना वार्डबॉय. बुढ्याच्या खुब्याचं हाड मोडलं.

सकाळी मिथुन पोचला तवा डॉक्टरनं त्याले केबिनमंधी बसवलं, खांद्यावर हात ठेवला अन् सांगतलं की तुमची मिसेस पेशंटले एकटं सोडून नाटक पाहाले गेली होती, त्याले आमी काय कराचं. झालं. एवढंच बोलला तो माणूस, अन् दुपारपर्यंत ते चिचटोल्यात पोचलं.

रंजीतानं सांगून पाह्यलं. नवऱ्याले सांगतलं, सासूचे पाय धरून सांगतलं, मी औषध आणाले गेल्ती. चिठ्ठी दुकानदारानं ठेवून घेतली होती, मंग विचारलं तर म्हणे, एवढ्या गर्दीत मले आठवत नाई. बिल तिनं मागतलं नव्हतं, बुढा तिकडं एकटा असताना बिलासाठी कोण उभं राह्यते? ती सिस्टर दुसऱ्या दिवसापासून दिसलीच नाई, काम सोडून गेली म्हणे. मिथुन म्हणे, डॉक्टर काऊन खोटं बोलंन, त्याचं काय अडलं? सगळे हेच म्हणत. डॉक्टर मोठा माणूस, जयंतीले वर्गणी देते, मंडईले वर्गणी देते, नाटकाच्या पोस्टरवर उद्घाटक म्हणून दर दुसऱ्या गावात त्याचं नाव. असा माणूस एका बाईवर आळ घेईन, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. बाई नाटकाले गेली असंन, हे मात्र पटकन शिरलं, कारण झाडीपट्टीत नाटक कोणाले आवडत नाई?

बुढ्याले घरी आणलं. ऑपरेशन त्या वयात झेपणार नाई म्हणून नागपूरले दाखवलं तवा तिथल्या डॉक्टराइनं नको म्हटलं होतं, तो खाटेवरचाच झाला. अन् रुखमाबाईनं रंजीताले त्याच्या खाटेजवळ फिरकू देल्लं नाई. घास चाराचा नाई, पाणी पाजाचं नाई, उशी सरकवाची नाई. तिच्या हातचं सगळे खात, पण बुढ्याले सासूच चारे. बायाइनं ब्लाऊज दुसरीकडं टाकले. नळावर ती गेली की बोलणं थांबे. शेवटी घरच्या मोठ्या लोकाइनं बसून ठरवलं, गुढीपाडवा झाला की रंजीताले आलापल्लीले पोचवून द्याचं, अन् दिव्यानी इथीच राहीन. मिथुननं हे मले सांगतलं तवा तो असा बोलून राह्यला होता जसा बैल बाजारात न्याचा आहे. मी त्याले म्हटलं, अक्कल मिलमंधी भरडाले टाकली का रे? मंग तो लय दिवस माह्याशी बोलला नाई, अन् मलेबी त्याचं काई वाटलं नाई.

तिचा बाप आला होता न्याले. भला माणूस, म्हणे बाई, चाल घरी, तुही पोरगी मोठी झाली की तिले समजंन. रंजीतानं त्याले जेवू घातलं अन् परत पाठवलं. मले म्हणे, मी आता गेली तं नाटकाले गेल्ती हेच खरं होईन, दिव्यानी जन्मभर तेच आयकंन.

एक गोष्ट तिले बरोबर समजली होती. तोंडचं बोलणं पकडता येत नाई. कोणाले जाब विचाराचा? जो तो म्हणे, मी तर नुसतं आयकलं. पण दवाखान्यात पेशंट पडला म्हणजे कुठीतरी लेहून ठेवलं असंनच, कसा पडला, कोण होतं, कोण नव्हतं. ते लेहलेलं तिले पाह्यजे होतं. पैसा नको, कोर्ट नको. ज्याच्यापायी पोरीले सोडून जाची पाळी आली ते कागदावर काय म्हणून लेहलं आहे, एवढं तिले वाचाचं होतं.

गेली. काउंटरवरची पोरगी म्हणे, फाइल सापडत नाई. पुन्हा गेली तर म्हणे, फाइल ऑडिटले नागपूरले गेली. मंग झेरॉक्स मशीन बिघडली. मंग म्हणे, असं काई आमी लेहतच नाई. मंग म्हणे, लेहतो, पण ते आतल्या कामाचं राह्यते, बाहेर देत नाई. अरे, एका फाइलीचे किती अवतार? एक दिवस मी सोबत गेलो अन् काउंटरवर हात आपटला, तर वॉचमननं माहीच गचांडी धरली. रंजीता मले म्हणे, भाऊ, तुमी आता गाडीतच बसत जा. तालुक्याच्या ऑफिसातल्या एका बाबूनं तिच्याकडून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लेहून घेतला अन् तो नर्सिंग होमले द्याले लावला. तिथी त्याइनं हसून परत केला, हे खासगी आहे, इथी तो कायदा लागत नाई. बाबूले हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. त्याले ती टेबलासमोरून हलाले पाह्यजे होती.

पण त्या बाकड्यावर बसून बसून तिचं एक काम झालं. समोरच्या भिंतीवर औषध कंपनीचं मोठं कॅलेंडर होतं, अन् त्याच्या मागून एका बोर्डाची कड दिसे. एक दिवस तिनं उठून कॅलेंडर वर केलं. मागं रुग्णाइचे हक्क लेहले होते. सरकारचा हुकूम म्हणून बोर्ड लावला, अन् कोणी वाचू नये म्हणून त्यावर कॅलेंडर टांगलं, असे हे हुशार लोक. आपल्या उपचाराच्या कागदाची नक्कल मागाचा पेशंटले हक्क आहे, अन् मागतली की द्यावी लागते, असं तिथी स्वच्छ मराठीत होतं. तिनं मोबाइलवर फोटो काढला अन् सरळ केबिनमंधी शिरली.

डॉक्टर रागावला नाई. रागावला असता तर मले बरं वाटलं असतं. तो हसला, अन् त्यानं तिलेच तो बोर्ड समजावून सांगतला, की हक्क पेशंटचा आहे, सुनेचा नाई, पेशंटच्या मुलाची सही आणा. मिथुन सही देईना. डॉक्टरशी वाकडं घेऊन मले गावात राहाचं नाई का, असं म्हणे. मंग रुखमाबाई वावरात गेलेली पाहून रंजीतानं अर्जावर बुढ्याचा अंगठा घेतला अन् तो नेऊन देल्ला. डॉक्टरनं कागद उलटा-पालटा करून पाह्यला. हा अंगठा कोणाचा, हे मी कसं समजू, असं विचारलं.

"पेशंटला घेऊन या," तो म्हणाला. "माझ्यासमोर मागू दे त्यांना. लगेच देतो."

मोडक्या खुब्याचा, मुका माणूस, तिकडं चिचटोल्यात खाटेवर पडून. येऊ शकत नाई हे त्याले माहीत होतं, म्हणूनच तो तसा बोलला. माणसाले दारातून हाकलाचे लय प्रकार आहेत, त्यातला हा सगळ्यात नीच.

त्याच दिवशी रंजीता माह्या अंगणात येऊन उभी राह्यली. होळी होऊन गेली होती, सीझन संपला होता, मॅटाडोर निंबाखाली धूळ खात होता. पाडव्याले थोडेच दिवस होते.

"डोमाभाऊ, उद्या गाडी काढा," ती म्हणे. "मामाजीले खाटेसकट न्याचं आहे."

 सकाळी मोहल्ल्यातला पत्रू अन् आणखी तिघं घेऊन मी त्याइच्या दारात गेलो, तर रुखमाबाई उंबऱ्यावर आडवी. तिनं आमच्या सात पिढ्या काढल्या. सुनेले म्हणे, एकदा पाडून तुहं मन नाई भरलं का, आता रस्त्यात माराले नेतं?  रंजीता सासूच्या बाजूनं आत शिरली, खाटेजवळ खाली बसली अन् बुढ्याले सगळं सांगतलं, जसा पेपर वाचून दाखवे त्याच आवाजात. कुठी न्याचं आहे, काऊन न्याचं आहे, रस्ता खराब आहे, दुखंन, तिथी लोक पाहतील. शेवटी विचारलं, येता का मामाजी? बुढ्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. ते सोडेचना. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहून कानात जात होतं. रुखमाबाई हे पाहत होती. मंग ती उंबऱ्यावरून उठली, पदर खोचला, अन् सगळ्याइच्या आधी जाऊन मॅटाडोरमंधी बसली.

राजवाड्याचा पडदा अन् जंगलाचा पडदा, दोन्हीची गाठोडी खाटेखाली टाकली, हिसके बसू नयेत म्हणून. तरी तो रस्ता म्हणजे रस्ता नाई, ठेकेदाराचं पाप आहे. दर खड्ड्याले बुढा ओठ चावे अन् रुखमाबाई मले शिव्या घाले. मी बैलगाडीसारखी गाडी चालवली. मिथुनले कोणीतरी मिलमंधी खबर देल्ली, तो मोटरसायकल घेऊन मागून आला, थांब म्हणून ओरडत. आरशात दिसून राह्यला होता तो मले. मी थांबलो नाई.

दवाखान्यात गर्दीची वेळ. बाकडे भरलेले, काई लोक जमिनीवर. आमी खाट नेऊन बरोबर काउंटरच्या समोर ठेवली. वॉचमन आडवा आला. मी म्हटलं, पेशंट आहे बाबू, पेशंटलेबी गचांडी धरतं का? तो मागं सरला. काउंटरवरची पोरगी उभीच राह्यली.

"पेशंट आणला," रंजीता म्हणे. "कागद द्या."

डॉक्टर बाहेर आला. पहिले म्हणे, हा काय तमाशा आहे. मंग आवाज खाली आणून म्हणे, पेशंटले त्रास होते, घरी न्या, मी माणूस पाठवून देतो. मंग त्याले सुचलं की पेशंट तर बोलतच नाई, मंग तो मागते हे कसं समजाचं. रंजीतानं अर्ज एका पुठ्ठ्यावर ठेवून बुढ्याच्या छातीवर धरला अन् शाईचा पॅड पुढं केला. कोणी त्याचा हात धरला नाई. त्यानं स्वतः डावा अंगठा शाईत दाबला, कागदावर टेकवला, अन् डॉक्टरकडं पाहून ओरडला. "आ, आ" एवढंच, पण आवाज तोच होता, रिक्षावरचा. आतल्या खोलीतले पेशंटबी दारात येऊन उभे राह्यले. मागून एक बाई म्हणे, द्या नं साहेब, बुढा मागून राह्यला.

तरी त्याइनं दुपार केली. वाटलं असंन, थकून निघून जाईन हे लोक. रुखमाबाई पदरानं वारा घालत बसली. मिथुन कोपऱ्यात मान खाली घालून उभा. शेवटी नागपूरले गेलेली फाइल आतल्याच कपाटातून निघाली, अन् बिघडलेल्या मशीनवर तिच्या झेरॉक्सबी निघाल्या.

बाकीचे कागद इंग्रजीत, एक पान मराठीत. ते रंजीतानं तिथीच उभं राहून मोठ्यानं वाचलं. "रुग्णाची सून ही रुग्णास एकटे सोडून मौजा मोहखेडा येथे नाटक पाहण्यास गेली होती. त्या वेळी रुग्ण स्वतःहून पलंगावरून उतरत असताना खाली पडला. ड्यूटीवरील कर्मचारी हजर होते." खाली सही, शिक्का.

वाचून झाल्यावर ती चालत मिथुनपाशी गेली अन् पान त्याच्या हातात देल्लं.

"कुठी गेल्ती मी?" ती म्हणे. "वाचा."

मिथुन वाचून राह्यला अन् त्याचं तोंड उतरत गेलं. कारण त्या दिवशी मोहखेड्याच्या मंडईले तो स्वतः गेला होता, माह्याच गाडीत बसून. अन् मोहखेड्यात त्या रात्री नाटक झालंच नाई. दुपारी तिथली एक म्हातारी वारली. गावात मयत झाली की आमच्याकडं मंडई उठते. पाळणेवाले, जिलबीवाले, सगळे सामान बांधतात, नाटकाचं तर नावच घ्याचं नाई. आमी अर्धे बांधलेले पडदे सोडले, गाडी भरली अन् दिवसाउजेडी परत निघालो. मिथुनले दुसऱ्या गावाले जाणारे दोस्त भेटले, तो त्याइच्यासोबत तिकडच्या नाटकाले गेला.

इतके दिवस नुसतं "नाटकाले गेली" एवढंच होतं. त्या दिवसात गावोगावी नाटक, कोणत्या गावचं म्हणून खोटं पाडाचं? पण कागदावर गावाचं नाव टाकावं लागते. अन् डॉक्टरले कोणतं नाव आठवलं असंन? ज्या पोस्टरवर त्याचं स्वतःचं नाव उद्घाटक म्हणून छापलं होतं तेच. हा कधी कुठल्या उद्घाटनाले जात नाई, वर्गणी पाठवून मोकळा होते. एकदा तरी गेला असता तर त्या दिवशी मोहखेड्यात काय झालं हे त्याले समजलं असतं.

माह्यानं राहवलं नाई. मी सगळ्याइसमोर ओरडून सांगतलं, अरे, मोहखेड्यात त्या दिवशी मयत होती, पडदे तर मीच परत आणले. बाकड्यावर मोहखेड्याचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं, ते म्हणे बरोबर आहे, आमच्याच शेजारची बुढी. लोक डॉक्टरकडं पाहाले लागले. तो गडबडला नाई, हे लोक गडबडत नाई. म्हणे, लिहिताना गावाचं नाव चुकलं असेल, आणा, दुरुस्त करून देतो. अन् कागदासाठी हात पुढं केला.

रंजीतानं मिथुनच्या हातातून पान घेतलं अन् त्याची घडी घातली.

"दुरुस्त नका करू साहेब," ती म्हणे. "असंच राहू द्या."

त्या पानाची नक्कल जोडून तिनं जिल्ह्याच्या आरोग्य ऑफिसात तक्रार देल्ली आहे. चौकशी सुरू आहे म्हणे. माह्या हयातीत संपली तर सांगीन. तो डॉक्टर यंदाबी पोस्टरवर उद्घाटक आहे, अन् ते पोस्टर गावोगावी मलेच वाटावे लागतात. पोट आहे, काय करता.

त्या दिवशी घरी पोचलो तवा दिवस बुडून राह्यला होता. खाट आत ठेवली. रुखमाबाईनं वाटीत वरणभात कालवला अन् ती वाटी रंजीताच्या पुढं धरली.  रंजीतानं वाटी घेतली. बुढ्याले शेवटच्या घासापर्यंत चारलं, तोंड पुसलं, पाणी पाजलं. मिथुन दारात उभा होता. म्हणे, झालं गेलं सोड आता, तू नव्हती गेली हे समजलं मले, आता माहेरी जाचं काई कारण नाई.

"आता आहे," रंजीता म्हणे.

 मी पडद्याचं गाठोडं उचलून निघालो होतो, तसाच उभा राह्यलो.

"मी खरं सांगतलं, पाया पडून सांगतलं, तवा तुमाले पटलं नाई. त्याइनं खोटं लेहून देल्लं तवा पटलं. अन् त्याइनं दुसऱ्या गावाचं नाव लेहलं असतं तं? जिथी नाटक झालं होतं तिथलं?"

 रुखमाबाई भिंतीकडं तोंड करून बसली. 

पाडव्याची वाट तिनं पाह्यली नाई. कोणी पोचवून द्याची गरज नाई म्हणे, मी आपल्या पायानं जाते, अन् माही पोरगी माह्यासोबत येईन, आलापल्लीलेबी शाळा आहे. जाच्या आधी सासऱ्याच्या खाटेजवळ लय वेळ बसली, काय बोलली ते मले माहीत नाई. वडशाच्या स्टँडवर मीच दोघी मायलेकीले एसटीत बसवून देल्लं. रुखमाबाई आली होती, गाडी सुटेपर्यंत खिडकीची सळई धरून उभी राह्यली. मिथुन आला नाई.

रुखमाबाईचे हात आता कापतात, म्हणून बुढ्याले दोन्ही वेळ मिथुन चारते. बुढा तोंड उघडते, घास गिळते, पण त्याच्याकडं पाहत नाई.